सांगता येत नाही

कुणी एखादी गोष्ट 'बेस्ट' आहे असं म्हणालं की गायकवाड मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "किती वेळा?"

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आहे. कॅन्टीनमधला नवा माणूस मिसळ झकास करतो म्हटलं, की "किती वेळा खाल्लीस?" नवे प्राचार्य माणूस म्हणून बरे वाटतात म्हटलं, की "किती वेळा भेटलीस?" एकदा फिजिक्सचे राणे सर वैतागले. म्हणाले, "मॅडम, माझी आई बेस्ट होती. आणि ती मला एकदाच मिळाली. आता बोला." मॅडम खरोखरच विचारात पडल्या. हातातला चहा गार झाला. मग म्हणाल्या, "आई चालेल." तेव्हापासून पुराव्याशिवाय मान्य करायच्या कुठल्याही गोष्टीला आमच्याकडे 'आई चालेल' म्हणायची पद्धत पडली. कॉलेजची लिफ्ट दुरुस्त होणार, ही बातमी आम्ही कायम याच सदरात टाकायचो.

मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण स्टाफरूममध्ये आम्हा दोघींना मिळून एकच कपाट होतं, त्यामुळे मैत्रीवाचून इलाज नव्हता. बुटक्या, ताठ बांध्याच्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. मुली मागून हसायच्या आणि मॅडमना ते ठाऊक होतं. "चपला घालून मैदानात धावता येत नाही," एवढंच स्पष्टीकरण त्या द्यायच्या. त्यांच्यावर धावायची वेळ आलेली मी तरी कधी पाहिली नाही.

मैदानाचं कारण हॉकी. विक्रोळीच्या आमच्या कॉलेजात मुलींचा हॉकीचा संघ होता, मुलींबरोबर एक शिक्षिका हवी असा नियम होता, आणि मराठीचा तास बुडाला तर कुणाचं काही बिघडत नाही असं प्राचार्यांचं मत होतं. म्हणून मला पाठवत. हॉकीतलं मला इतकंच कळायचं की चेंडू कडक असतो आणि त्याच्यापासून लांब बसावं. मॅडम मात्र आपणहून यायच्या आणि आमच्या गोलच्या बरोबर मागे, जाळीपासून दोन हातांवर उभ्या राहायच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझे बाबा गोलकीपर होते."

बाबा बुलढाण्याकडून आलेले, इथल्या कारखान्यात भट्टीवर लागलेले. त्यांच्या खात्याच्या संघात गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा नव्या माणसाला उभं केलं, आणि मग ते वर्षानुवर्षं तिथंच उभे राहिले. रविवारी लेकीला बरोबर न्यायचे. "घरी येताना त्यांचं एकच वाक्य असायचं," मॅडम सांगायच्या. "'सुटलेले सगळे मोजतात, अडवलेले कोण मोजतो?' म्हणून मी मोजते."

त्यांचं हे मोजणं काय असतं ते मला पहिल्याच मॅचला कळलं. समोरच्या संघातली एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन आत घुसली, तिने सपाटून फटका मारला, आणि चेंडू गोलच्या खांबावर आपटून बाहेर गेला. मी जागेवरून उठले आणि ओरडले, "वाचवला, वाचवला!"

मॅडमनी मागे वळून बघितलं. "वाचला," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी."

"तेच नाही. खांबाला लागला. गोल वाचला. वाचवला कुणीच नाही." आणि मग अगदी साध्या सुरात, "तू मराठीची ना गं?"

अकरावीला प्रयोजक क्रियापदं मी किती वर्षं शिकवत आले होते, पण त्यातलं कुठलं इतकं टोचलं नव्हतं. मॅडमचं सगळं शास्त्र या एका भेदावर उभं होतं. बाहेर गेलेला फटका, खांबावर आपटलेला फटका, बचावाच्या मुलीने आयत्या वेळी स्टिक घालून अडवलेला फटका, हे सगळे वाचले. ते गोलकीपरच्या नावावर घालायचे नाहीत. तिच्या अंगावर आले आणि तिने अडवले, तेवढेच तिने वाचवले. पण तिथंही मॅडम थांबायच्या नाहीत. लांबून, समोरून, दिसत असलेला फटका अडवणं निराळं आणि चार पावलांवरून, मध्ये तीन पोरींची गर्दी असताना अडवणं निराळं. दोन्ही एकाच मापाने मोजणं त्यांना मान्य नव्हतं.

मोजताना त्या लिहीत नसत. "खाली बघितलं की एक फटका जातो," त्यांचं म्हणणं. कमरेला एक तीन कप्प्यांची कापडी पिशवी खोचलेली आणि मुठीत चिंचोके. सोपा फटका पहिल्या कप्प्यात, मध्यम दुसऱ्यात, कठीण तिसऱ्यात. पोरीने अडवला तर अख्खा चिंचोका टाकायचा, गोल झाला तर फोडलेला. डोळे मैदानावर आणि हात पिशवीत, ओठ किंचित हलताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई जप करताहेत. एकदा एका मुलीच्या आईने हात जोडून विचारलं, "ताई, कुठल्या महाराजांचं आहे तुमचं?" मॅडम नजर न काढता म्हणाल्या, "गोलकीपरचं." ती बाई बिचारी नमस्कार करून गेली. घरी जाऊन ताटात चिंचोके ओतायचे, वेगळे करायचे आणि मग कॉम्प्युटरवर चढवायचे, हा मॅडमचा रविवार संध्याकाळचा कार्यक्रम. त्यांचे यजमान सांगायचे, "आमच्याकडे चिंचेची आमटी जास्त होते, त्याला कारण हॉकी."

यजमानांना त्यांचा विषय पुरता पाठ झाला होता. मी एकदा चेष्टेने विचारलं, "साहेब, नवरा म्हणून तुम्हाला किती मार्क?" ते म्हणाले, "लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारलं होतं. म्हणाली, एवढ्यात काही म्हणणं घाईचं होईल. आता परवा विचारलं तर म्हणते, बरे आहात." मॅडम आतून पोळ्या लाटत म्हणाल्या, "बरे म्हणजे पुष्कळ झालं हो." आणि ते पुष्कळच होतं. त्यांच्या तोंडून 'बरे' ऐकायला माणसं आयुष्य घालवत.

आमचा एकच मोठा वाद झाला. अकरावीच्या एका पोराने पहिल्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेत काहीतरी अचाट लिहिलं होतं, आणि मी स्टाफरूममध्ये म्हणून गेले की हा वाया गेलेला दिसतो, शितावरून भाताची परीक्षा. मॅडमनी डबा बाजूला ठेवला.

"ही म्हण मला अजिबात आवडत नाही," त्या म्हणाल्या.

"चांगली आहे की. तुमचंच शास्त्र आहे. थोडं बघून सगळ्याचा अंदाज करायचा."

"भाताला चालते. का चालते सांग. भात एका पातेल्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. सगळीकडून सारखा. म्हणून एक शीत पुरतं. माणसं कुठं एका पातेल्यात शिजतात गं आपल्याकडं?"

मॅडमनी पोळीचा तुकडा मोडला आणि सांगितलं, की त्या इथं लागल्या तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी पहिल्या दिवशी त्यांचं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग 'अच्छा' म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांना सांगायला लागले की संख्याशास्त्राची शिकवणी बाहेर लावा. "नमुना किती? एक आडनाव," मॅडम म्हणाल्या. "मला राग आला होता. खूप. पण जास्त राग कशाचा आला माहितेय? त्यांना तो हिशेब पक्का वाटत होता." एवढं बोलून त्या जेवायला लागल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि मी आजही ती म्हण वर्गात शिकवताना नेहमी थोडी अडखळते.

प्रणाली घाडी आमच्या संघात आली ती या सगळ्यानंतर. पार्कसाइटच्या चाळीत राहणारी, मालवणकडची, काटकुळी आणि उंच. पॅड बांधले की तिचे पाय कुणा दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे दिसायचे. बोलायची कमी, पण गोलमध्ये उभी राहिली की बचावाच्या पोरींना अशा शिव्या घालायची की मी मराठीची शिक्षिका असून नवे शब्द शिकले. आमचा संघ म्हणजे आनंदीआनंद होता. बचावाला चाळणी म्हटलं तर चाळणीचा अपमान. त्यामुळे प्रणालीवर प्रत्येक मॅचला नुसता मारा व्हायचा. ती पडायची, उठायची, पायाने, हाताने, छातीने चेंडू अडवायची, आणि एवढं करून आम्ही हरायचोच. मॅडमची पिशवी मात्र भरून जायची. तिसऱ्या कप्प्यात इतके अख्खे चिंचोके मी पूर्वी पाहिले नव्हते.

तेवढ्यात उपनगराच्या संघाची निवड आली. त्या संघातून पुढे राज्याचा संघ, आणि राज्याकडून खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची आशा. घाडींच्या घरी या नोकरीचं काय मोल होतं ते वेगळं सांगायला नको. तिचे वडील सोसायटीत वॉचमन, आई शिलाई करायची. गोलकीपरची जागा एक. एका बाजूला प्रणाली, दुसऱ्या बाजूला अंधेरीकडची रिया नावाची मुलगी. रिया बलाढ्य संघातून खेळायची, तिच्यावर फटके येतच कमी, आणि गोल झालेले बोटावर मोजण्याइतके. नुसते खाल्लेले गोल बघितले तर प्रश्नच नव्हता.

निवड समितीत गोराईचे परेरा सर होते. जुने खेळाडू, बोटीने खाडी ओलांडून येणारे, अत्यंत भला माणूस. मॅडमचे चिंचोके त्यांनी पाहिले होते आणि त्यांना त्याचं भारी कौतुक. त्यांनी निरोप पाठवला, की मीटिंगला या आणि तुमचं मत सांगा.

ही बातमी पार्कसाइटला पोचायला वेळ लागला नाही. मीटिंगच्या आदल्या दुपारी मी मॅडमकडे कन्नमवार नगरला गेले होते, तर दारात घाडी काका, हातात कोकमाच्या आगळाची बाटली. ड्युटीचा निळा शर्ट अंगावर तसाच होता. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडमांनू, माका येकच सांगा," ते म्हणाले. "चेडू बरा खेळता मा?"

"पोरगी बरी खेळते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मापाने ही केवढी मोठी पावती होती ते मलाच माहीत.

"मगे तसा लिवन द्या. अव्वल आसा म्हणान."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "घाडी साहेब, अव्वल आहे की नाही हे ठरवायला मला अजून पुष्कळ फटके बघावे लागतील. आत्ता 'हो' म्हटलं तर ते खोटं होईल. 'नाही' म्हटलं तरी खोटंच होईल." त्यांनी बाटलीकडे बघितलं. "आणि हे आगळ मी ठेवून घेते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"आगळाचो काय संबंध," काका हसले. "सोलकढी करा." जिना उतरताना मात्र ते भिंतीला धरून उतरले. मी मॅडमना म्हटलं, "एक शब्द टाकलात तर काय होणार होतं?" मॅडम म्हणाल्या, "ती खरंच अव्वल असली तर चांगलं होईल, आणि नसली तर पुढच्या मैदानावर तिचीच फजिती होईल. आणि मला यातलं काय होईल ते माहीत नाही. माहीत नसताना बोलायचं?" त्यांचा आवाज चढला होता. मी पहिल्यांदाच तो चढलेला ऐकला.

मीटिंगला मी बाहेर बाकावर बसले होते, त्यामुळे आत काय झालं ते मॅडमच्या तोंडून ऐकलं. परेरा सरांनी विचारलं, "मॅडम, विक्रोळीची पोरगी अव्वल आहे का? यस का नो, ते बोला." मॅडमनी आधी सांगितलं की खाल्लेल्या गोलांवर जाऊ नका, कठीण फटक्यांमध्ये ही पोरगी चांगली दिसते. पण बघितलेले फटके कमी आहेत, नशिबाचा भाग किती आणि हाताचा किती ते वेगळं काढता येत नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "अव्वल आहे का, ते सांगता येत नाही." रियाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी हेच वाक्य तिच्याबद्दलही म्हटलं असतं, कारण तिच्यावर आलेले फटके तर त्याहून कमी.

यादी लागली. रियाचं नाव होतं, प्रणालीचं नव्हतं. राखीव म्हणूनसुद्धा नव्हतं.

चार दिवसांनी मैदानावर परेरा सर भेटले आणि मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक्यू मॅडम. तुम्ही सभ्य बाई. पोरगी तुमच्याच कॉलेजची, तोंडावर 'नाही' कसं बोलणार? तुम्ही बोललात सांगता येत नाही, मी लगेच समजलो ना."

मॅडमना काही उमजेना. सर गेल्यावर मीच उलगडून सांगितलं. "मॅडम, मुलगी बघून गेल्यावर पाहुणे काय म्हणतात? 'कळवतो.' कुणी कळवतं का? लग्नाला येणार का विचारलं की आपण म्हणतो, 'सांगता येत नाही बाई.' म्हणजे काय?"

"म्हणजे येणार नाही," मॅडम म्हणाल्या, आणि तिथेच गवतावर बसल्या. कडक इस्त्रीच्या साडीनिशी, मातीत. "मी तर अक्षरशः म्हटलं होतं गं. सांगता येत नाही म्हणजे सांगता येत नाही."

त्यांनी परेरा सरांना फोन केला, परत भेटल्या, समजावलं. सरांना वाईट वाटलं, त्यांनी कपाळाला हात लावला, पण यादी वर गेली होती. मॅडम प्रणालीच्या घरी जाऊन सगळं जसं झालं तसं सांगून आल्या. ती ऐकून घेऊन आत गेली आणि बाहेर आलीच नाही. पुढे वर्षभर ती मॅडमशी बोलली नाही. समोरून आल्या की रस्ता ओलांडायची. मी मॅडमना म्हटलं, "तिचाही राग खरा आहे." त्या म्हणाल्या, "खरा आहे. माझं गणित चुकलं नव्हतं. पण गणित मराठीत सांगायचं असतं, ते मला कळलं नाही."

दुसरं कुणी असतं तर इथं विषय संपवला असता. मॅडमनी उलट केलं. प्रणाली कॉलेज सोडून गेली, घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि रविवारी एका क्लबकडून खेळायला लागली. मॅडम निवृत्त झाल्या. पण ज्या मैदानावर प्रणालीची मॅच, त्या मैदानावर गोलच्या मागे मॅडम. मुलुंड असो, अंधेरी असो, बोरिवली असो. सुरुवातीला प्रणाली मागे वळून बघतसुद्धा नसे. मग कधीतरी तिने पाण्याची बाटली मागितली. मग मान हलवायला लागली. मग एकदा दिवाळीत फराळ घेऊन घरी आली, उभ्याउभ्याच दिला आणि गेली. मी कधी बरोबर जायची, कधी नाही. मॅडमचे गुडघे कुरकुरायला लागले होते. "कशाला उन्हात उभ्या राहता?" म्हटलं तर म्हणायच्या, "नमुना लहान होता ना. मोठा करतेय."

असे बरेच रविवार गेले. आणि मग एका सकाळी, विक्रोळीच्याच मैदानावर, मॅच संपल्यावर प्रणाली पॅड न सोडता सरळ आमच्याकडे आली. परेरा सरांनी तिला बोलावणं पाठवलं होतं. राज्याच्या निवडीचं मोठं शिबिर होतं, वयाच्या हिशेबाने तिची शेवटची संधी. पण शिबिर काही महिन्यांचं, लॅबवाले रजा देणार नव्हते. नोकरी सोडावी लागणार होती. वडिलांचं आता वय झालं होतं आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं.

"मॅडम, आता तरी सांगता येईल ना?" ती म्हणाली. "मी अव्वल आहे का?"

मॅडमनी तिच्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं आता लांबलचक प्रस्तावना येणार.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

प्रणाली वाकून पॅडचा पट्टा सोडायला लागली. मग मॅडम म्हणाल्या, "चांगली आहेस. चांगल्यांमध्येही वरच्या बाजूला आहेस. पण त्याच्या वर जे चार-दोन असतात, त्यांच्यात नाहीस. आधी वाटत होतं असशील. जसजसे जास्त फटके बघितले तसतशी खात्री होत गेली."

"म्हणजे तेव्हा त्यांनी मला घेतलं नाही, ते बरोबरच होतं."

"बरोबर निघालं. बरोबर केलं नव्हतं. तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. नुसते वाचले ते."

प्रणालीने हेल्मेट डोक्यात घातलं. मॅच संपलेली, मैदान रिकामं, आणि ही पोरगी हेल्मेट घालून गवतावर बसलेली. आत ती रडत असणार, पण दिसत नव्हतं आणि तिला तेच हवं होतं. मॅडम शेजारी बसल्या. पाठीवरून हात फिरवला नाही, समजूत घातली नाही, नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने हेल्मेटच्या आतून आवाज आला, "बरं झालं सांगितलंत. मला सगळे नुसतं 'बघू' म्हणतात."

परत येताना रिक्षात मॅडम बाहेर बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मला 'हो' म्हणायचं होतं गं. इतकी वर्षं त्या एका 'हो'साठीच जात होते मी." आणि त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि रेडिओ बंद केला.

प्रणालीने नोकरी सोडली नाही. अजून त्याच लॅबमध्ये आहे, आता तिच्या हाताखाली दोन मुली आहेत. मॅडम त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. हृदयाचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. पार्कसाइटहून सगळे घाडी आले होते. काका पायरीवर बसून राहिले होते आणि कुणी काही विचारलं की नुसती मान हलवत होते.

पण माझ्या डोळ्यांसमोर मॅडम येतात त्या चारकोपच्या मैदानावरच्या. त्या 'नाही'नंतरचा पुढचाच रविवार. मला वाटलं होतं, आता काम झालं, आता कशाला जातील. सकाळी त्यांचा फोन, "येतेस ना?" विक्रोळीहून चारकोप म्हणजे अर्धी मुंबई पालथी घालायची. गेलो. मॅडम गोलच्या मागे उभ्या राहिल्या, छत्री काठीसारखी टेकून.

प्रणालीचा खेळ त्या दिवशी जागेवर नव्हता. पहिल्या अर्ध्यातच समोरच्या मुलीने लांबून एक मरतुकडा फटका मारला. चेंडू जमिनीवरून गडगडत आला, कुणीही पायाने थोपवला असता, आणि तो प्रणालीच्या दोन पॅडमधून हळूच आत गेला. तिच्या संघातल्या पोरींनी डोक्याला हात लावले. कुणीतरी हिंदीत काहीतरी बोललं. प्रणाली जाळीतून चेंडू काढायला मागे वळली आणि मान खाली घालून तशीच वाकून राहिली.

मॅडम दोन पावलं पुढे झाल्या आणि जाळीला तोंड लावून म्हणाल्या, "ऊन आलं ना गं डोळ्यावर."

मी वर बघितलं. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यासाठीच तर मॅडमनी छत्री आणली होती.

प्रणालीनेही वर बघितलं. मग मॅडमकडे बघितलं.

"हो ना मॅडम," ती म्हणाली. "काहीच दिसलं नाही."

तिने चेंडू मैदानात मारला आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.